बुटांचं प्रस्थान

दिल्लीची गाडी हुबळीहून साडेचारला सुटायची होती. दुपारचा सव्वा वाजला होता, आणि धारवाडात, केलगेरी तळ्याजवळच्या आपल्या घराबाहेर, प्रभंजनराव पाठीला पंधरा किलोची पिशवी लावून, पण पायांत नुसते सँडल घालून उभे होते. बूट शेजारच्या घरात, एका गाठोड्यात बांधून ठेवलेले होते.

"अक्का नाहीत," शेजारच्या फाटकातून परत येत भागीरथीबाई म्हणाल्या. "अळणावरला गेल्यात, भाचीच्या बाळाच्या बारशाला. घरात सून आहे, योगिता."

"मग योगिताकडनं गाठोडं घे, आणि चल की."

"गाठोडं तिथं नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. काल काल्याच्या कीर्तनानंतर तिनं ते बुवांना देऊन टाकलं."

प्रभंजनरावांच्या छातीत एक ठोका चुकला. निदान त्यांना तसं वाटलं. गेला महिनाभर त्यांना तसं वाटत होतं, आणि तसं वाटतं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली होती.

इतरांचे गुडघे साठीला बोलू लागतात, या जोडप्याचे साठीला चालू लागले. प्रभंजनराव भूगोलाचे मास्तर. पस्तीस वर्षं फळ्यावर खडूने हिमालय काढला, आणि निवृत्त झाल्यावर एक दिवस म्हणाले, "भागीरथी, मी पोरांना खिंड, घळ, वालुकागिरी असलं काय काय शिकवलं, पण यातलं एकही डोळ्यांनी बघितलं नाही. म्हणजे मी थापाच मारल्या म्हण की." भागीरथीबाई पोस्टातून नुकत्याच सुटल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग बघून येऊ. मीही तीस वर्षं लोकांची पत्रं गावोगाव धाडली, स्वतः कुठं गेले नाही."

तेव्हापासून अकरा वर्षं झाली. बर्फातल्या तीन खिंडी झाल्या. कच्छचं रण झालं. राजस्थानातल्या वाळूत पाच दिवस चालणं झालं. तिथं भागीरथीबाईंनी तंबूपुढे रांगोळी काढली, वाऱ्याने पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली, आणि पाचव्या वेळी वाराच कंटाळून पडला असं त्या आजही सांगतात. रोज पहाटे दोघं पाठीवर दहा-दहा किलो ज्वारी घेऊन तळ्याला तीन फेऱ्या मारत. नवीन राहायला आलेले लोक पहिले काही दिवस विचारत, "गिरणी इतक्या लवकर उघडते?"

प्रभंजनरावांना कीर्तनाचं वेड. गावात कुठंही बुवा उभे राहिले की हे पहिल्या रांगेत, गळ्यात तपकिरी मफलर, हातात टाळी. डोंगरही ते कीर्तनाच्या चालीवर चढत. चढाला संथ चाल, उताराला द्रुत, आणि माथ्यावर पोचलं की गजर. श्वास कधी कमी पडला नाही. पण महिन्यापूर्वी, देवळातच, गजर ऐन रंगात आला असताना त्यांची टाळी पडली आणि छातीतला ठोका काही तिच्याबरोबर पडला नाही. जरा मागाहून आला. प्रभंजनराव टाळी विसरून बसून राहिले.

आणि नेमकं यंदा लडाख ठरलेलं. डोंगर म्हणावं तर पायाखाली वाळू, वाळवंट म्हणावं तर डोक्यावर बर्फ, असा तो प्रांत. नेणारी मंडळी सत्तरीच्या पुढच्या माणसाला घेत नव्हती, आणि मार्गशीर्षात प्रभंजनरावांना सत्तर पूर्ण होणार होती. आत्ता नाही तर कधीच नाही.

म्हणून गेल्या शुक्रवारी "बँकेत जाऊन येतो" असं सांगून ते हुबळीला डॉक्टर मुकुलकडे गेले. मुकुल त्यांचाच विद्यार्थी. ज्या पोराला त्यांनी नकाशा न आणल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं, त्याने पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना अंगभर तारा चिकटवून फिरत्या पट्ट्यावर पळवलं. शनिवारी प्रभंजनराव रिपोर्ट आणायला गेले. मुकुल आत दुसऱ्या पेशंटपाशी होता. खिडकीवरच्या बाईने बंद पाकीट हातात दिलं. आणि अठरा हजार फुटांवरून जे कधी मागे फिरले नव्हते, ते प्रभंजनराव पाकिटापुढे मागे फिरले. त्यांनी ते उघडलंच नाही.

त्यात शनिवारी संध्याकाळी मुकुलचा फोन आला. रविवारी दोनदा आला. डॉक्टर आपण होऊन तीनदा फोन करतो तो काय रव्याच्या लाडू-उंड्यांची कृती विचारायला? प्रभंजनरावांनी उचलला नाही.

पाकीट लपवायचं कुठं हा प्रश्न होता. भागीरथीबाईंचा हात पोचत नाही अशी जागा त्या घरात नव्हती. एकच होती. डोंगरातले बूट. ते प्रभंजनराव स्वतः पुसत, स्वतः तेल देत, आणि तीनदा स्वतः चांभारापुढे बसून त्यांचे तळवे त्यांनी बदलून घेतले होते. डाव्या पायाची करंगळी एका खिंडीतून उतरताना मोडून वाकडी बसली होती, आणि त्या वाकड्या करंगळीचा आकार जगात त्या एकाच बुटाला ठाऊक होता. डाव्या बुटात, खोल टोकाशी, त्यांनी पाकीट सारलं. लेहला पोचल्यावर बघू, असं मनाशी म्हणाले. तिथून परत कोण पाठवतंय?

पण माणूस आखतो एक आणि पंचांगात असतं दुसरंच. गाडी गुरुवारची आणि गुरुवारी श्रावणी अमावास्या. अमावास्येला प्रवासाला निघायचं नाही, आणि तिकीट तर काढलेलं. अशा वेळी जुनी माणसं प्रस्थान ठेवत. म्हणजे चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला, आपल्याबरोबर न्यायच्या वस्तू तांदूळ-सुपारीसह गाठोड्यात बांधून शेजाऱ्याच्या घरी ठेवायच्या. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की प्रवास सुरू झाला. माणूस नंतर अमावास्येला निघो नाहीतर ग्रहणात. एकच नेम: ते गाठोडं पुन्हा घरात आणायचं नाही. जाताना परस्पर उचलायचं.

सोमवारी सकाळी प्रभंजनराव आंघोळ करून बाहेर आले तेव्हा भागीरथीबाई शेजारी प्रस्थान ठेवून परतही आल्या होत्या.

"काय ठेवलंस?" त्यांनी सहज विचारलं.

"हळदीचं फडकं, तांदूळ, नारळ, सुपारी. आणि तुमचे बूट."

"बूट?"

"चालणार कोण आहे? बूटच ना? मग प्रस्थान त्यांचंच ठेवायला नको?"

"अगं, नारळाबरोबर पायताण?"

"प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेत आधी. अक्कांना तेवढं सांगू नका. त्यांनी देवघराच्या दाराशी ठेवलंय गाठोडं."

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस प्रभंजनराव कुंपणाशी उभं राहून शेजारच्या देवघराच्या खिडकीकडे बघत राहिले. चंद्रभागाअक्का कौतुकाने सुनेला म्हणाल्या, "बघ, आमच्या देवाला रोज लांबनं नमस्कार करतात सर. केवढी भक्ती!"

तर हे सगळं पोटात ठेवून प्रभंजनराव आता योगितासमोर उभे होते.

"वैनी, माझं चुकलं काय वो?" योगिता रडायच्या बेतात होती. "सप्ताहाचा काला झाला की घरोघरचा शिधा बुवांना देतात की. अत्ती, आमच्या सासूबाई, अळणावरनं फोनवर बोलल्या, तांदूळ-नारळाचं गाठोडं बांधून ठेवलंय, ते दे म्हणून. एक देवघरापाशी होतं, एक स्वैपाकघरात. दोन्ही हळदीचीच. देवघरातलं जड लागलं. मला वाटलं, शिधा आहे, देवापाशीच ठेवणार."

"बरोबर आहे बाई तुझं," भागीरथीबाई म्हणाल्या. "बुवा कुठं उतरलेत?"

"देवळाच्या खोलीत. पण वैनी, आत काय होतं एवढं?"

"वाटेला लागणारं थोडं सामान," प्रभंजनराव घाईने म्हणाले.

फाटकाशी नागोजीची गाडी उभी होती. नागोजी त्यांना प्रत्येक प्रवासाला स्टेशनवर सोडायचा, आणि प्रत्येक वेळी, हे परत येतात की नाही, या काळजीने निरोप घ्यायचा. दोघं बसले. देवळापाशी पोचले तर खोलीला कुलूप. पुजारी म्हणाले, "परशुरामबुवा सकाळीच हुबळीला गेले. कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत मारुतीचं देऊळ आहे, तिथं तीनला कीर्तन आहे त्यांचं. आणि सर, एक नवल सांगतो. बुवांना बूट मिळाले!"

"मिळाले?" प्रभंजनरावांचा आवाज बारीक झाला.

"मंगळवारी नाही का देवळाच्या दारातनं त्यांच्या वहाणा गेल्या?"

प्रभंजनरावांना आठवलं. काल काल्याच्या कीर्तनात बुवांनी त्याच चोरीवर बहार उडवून दिली होती. "देवा, मी तुझ्या पायांचं वर्णन करत होतो, तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायांची सोय बघून गेलं," असं बुवा म्हणाले तेव्हा सगळ्या देवळात जे सर्वांत मोठ्याने हसले ते प्रभंजनरावच होते.

"आणि काल शिध्यात बूट!" पुजारी हात जोडून म्हणाले. "नाव नाही, गाव नाही. बुवांचे डोळे भरून आले हो."

गाडीत बसल्यावर नागोजीने आरशातून विचारलं, "एन आतु री सर? काय झालं? तोंड उतरलंय तुमचं."

"काही नाही. हुबळी. लवकर."

"आता मागू कसे बूट?" थोड्या वेळाने प्रभंजनराव म्हणाले. "देवाने दिले म्हणून ज्याचे डोळे भरून आले त्याला काय सांगायचं, की देवाने नव्हेत, आमच्या हिने, आणि तेही दिलेले नव्हेत?"

"अगदी असंच सांगायचं," भागीरथीबाई म्हणाल्या. "मी सांगते."

"नको! तू गाडीत बस. मी एकटा जातो."

"का?"

"तसं नव्हे... तिथं गर्दी असेल."

"गर्दीला मी कधी घाबरले?" त्यांनी डब्यातून कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगांची चटणी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "खा. तुमचं लक्ष दुसरीकडंच आहे. आणि मफलर कुठाय तुमचा? चार दिवस बघते, गळा मोकळाच."

प्रभंजनरावांनी गळा चाचपला. मफलर मुकुलकडे तारा लावताना काढला होता, तो तिथंच राहिला असणार हे आता त्यांच्या ध्यानात आलं. "असेल पिशवीत तळाशी," ते म्हणाले आणि भाकरी चावू लागले. कडक भाकरी चावताना माणसाला बोलता येत नाही, हा तिचा मोठाच गुण.

वाटेत नवलूरपाशी एक मिरवणूक आडवी आली. नागोजी खाली उतरून हात जोडून सगळ्यांना "अण्णा, दारी बिडरी, वाट सोडा, रेल्वे आहे," म्हणत पुढे चालला तेव्हा कुठे वाट मिळाली. देवळापाशी पोचायला साडेतीन झाले.

दाराबाहेर पन्नास-साठ चपलांच्या रांगेत, एका जुन्या पाटावर, वेगळे ठेवलेले, प्रभंजनरावांचे बूट होते. वर कुणीतरी जास्वंदीची दोन फुलं वाहिली होती.

प्रभंजनराव वाकले. इकडेतिकडे बघून डाव्या बुटात हात घातला. बोटांना टोकात कोंबलेलं फडकं लागलं. पाकीट नव्हतं.

"ओ अज्जा!" दारातल्या एका म्हाताऱ्या बाईने आवाज टाकला. "एनु माडतीरी, काय करताय? एकदा चोरी झालीय, आता परत? आत जाऊन बसा गुमान."

भूगोलाच्या निवृत्त मास्तरांना आयुष्यात प्रथमच कुणी चप्पलचोर म्हटलं होतं. ते निमूट आत गेले. मागोमाग भागीरथीबाई. मंडप भरला होता. पुढे बुवा उभे होते, ठेंगणे, गोरटेले, डोक्याला फेटा, कमरेला उपरणं, हातात चिपळ्या. पूर्वरंग संपून उत्तररंग चालू होता, आणि आख्यान कुठलं, तर बुटांचं!

"मंडळी," बुवा सांगत होते, "मी गाठोडं सोडलं. तांदूळ निघाले. म्हटलं, देवा, पोटाची सोय केलीस. नारळ निघाला. म्हटलं, देवा, प्रसादाची सोय केलीस. आणि खाली हात घातला तो काय? बूट! साधेसुधे नव्हेत, डोंगर चढायचे. दोन नंबर मोठे. पण देव देतो तेव्हा मापाची तक्रार करायची नाही. फडकं कोंबलं टोकात, आणि चाललो हुबळीला!"

मंडपात हशा झाला, टाळ्या झाल्या. प्रभंजनराव खांबाआड सरकले.

"आणि मंडळी, बुटाच्या टोकात हे निघालं." बुवांनी उपरण्याच्या गाठीतून पाकीट काढलं. पांढरं, लांबट, दवाखान्यातलं. "दात्याने चिठ्ठी ठेवली. मी उघडली नाही. म्हटलं, उपकार एकट्याने वाचायचा नसतो, चार भक्तांत वाचायचा. आता मृदंग जरा थांबवा. पेटीवाले, तुमचा चष्मा नवा आहे, तुम्ही वाचा."

"नको!" प्रभंजनराव उठून उभे राहिले.

सगळा मंडप वळला. बुवांनी हात कपाळाला लावून बघितलं. "अरे, हे तर आमचे धारवाडचे पहिल्या रांगेतले सर! बघा मंडळी, विनय बघा. आपलं नाव उघड होऊ नये म्हणून माणूस धावत हुबळीला आला! सर, आज आम्ही ऐकणार नाही. वाचा हो तुम्ही."

पेटीवाल्याने पाकीट फाडलं. कागद काढला. तो इंग्रजीत होता. पेटीवाल्याने चष्मा सावरला, आणि तेवढ्या क्षणात प्रभंजनरावांनी अकरा वर्षांतल्या सगळ्या वाटा पुन्हा एकदा चालून घेतल्या. बाजूला भागीरथीबाई उभ्या होत्या. निदान हिला असं चारचौघांत कळू नये, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"बुवा, ही चिठ्ठी नव्हे," पेटीवाला म्हणाला. "यात सरांचं नाव आहे. वय एकोणसत्तर. पुढे लिहिलंय, पट्ट्यावर दहा मिनिटं पळवलं, हृदयाच्या चालीत काही दोष आढळला नाही. रक्तदाब योग्य. क्षमता वयाच्या मानाने फार उत्तम. मधूनच ठोका चुकल्यासारखं वाटतं ते निरुपद्रवी, काळजीचं कारण नाही. आणि खाली हाताने लिहिलंय: सर, खुशाल लडाखला जा, फक्त चहा कमी करा."

पहिल्यांदा प्रभंजनराव खाली बसले. मग हसले. मग त्यांच्या डोळ्यांतून जे सुरू झालं त्याला हसणं म्हणावं की काय, ते त्यांनाही कळलं नाही. महिनाभर छातीवर बसलेला दगड असा भर सभेत, पेटी-मृदंगासमोर, उतरला होता. मृदंगवाल्याला राहवलं नाही. त्याने आपण होऊन एक थाप मारली, आणि ती प्रभंजनरावांच्या ठोक्यावर बरोबर पडली.

"पण मग बूट कुणाचे?" बुवांनी विचारलं.

तिथून पुढचं भागीरथीबाईंनी सांगितलं. आधी मान खाली घालून, मग खुलून. अमावास्या, प्रस्थान, दोन गाठोडी, योगिता, साडेचारची गाडी. पोस्टाच्या खिडकीवर बोलावं तसं नेमकं. बुवा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर होत गेला. प्रभंजनराव हात जोडून म्हणाले, "बुवा, क्षमा करा. तुमचं आख्यान मोडलं."

"आख्यान कसलं मोडतंय, सर? आख्यान तर आता पुरं झालं," बुवा म्हणाले. "मला चिंता वेगळीच आहे. वैनी, तुमच्या प्रस्थानाचे तांदूळ काल मी शिजवून खाल्ले. नारळ आज प्रसादाला फोडला."

भागीरथीबाईंचा हात गालावर गेला. "अय्यो! मग प्रस्थान मोडलं की."

"का म्हणून? गाठोडं मागे फिरू नये, एवढाच ना नेम? मागे कुठं फिरलं? धारवाडाहून निघालं ते थेट हुबळीला आलं, तुमच्याआधी आलं. तांदूळ माझ्या पोटातून आले, बूट माझ्या पायातून आले. प्रस्थान असं स्वतः चालत स्टेशनापर्यंत आलेलं मी तरी आजवर बघितलं नाही!"

त्यावर जो गजर झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. प्रभंजनरावांनी टाळी धरली. एकही चुकली नाही.

दारात अदलाबदल झाली. प्रभंजनरावांनी आपले सँडल बुवांपुढे ठेवले; मुलाने, दीपकने, बेंगळुरूहून पाठवलेले, करंगळीला लागतात म्हणून फारसे न घातलेले. त्यांना ओढून आवळायचे पट्टे होते, ते आवळले तर बुवांच्या पायाला चपखल बसले. मघाची म्हातारी फुलं बाजूला काढत पुटपुटली, "तुमचेच होते तर आधी सांगायचं की वो अज्जा." पाच-सहा बायकांनी भागीरथीबाईंना वाकून नमस्कार केला. बुवांनी दोघांच्या कपाळाला बुक्का लावला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"नडीरी, नडीरी, चला!" नागोजीने गाडी सुरूच ठेवली होती. त्याने ती हुबळीच्या बाजारातून अशी काढली की डब्यातल्या शेंगांच्या चटणीचा रंग पिशवीला बाहेरून लागला. गाडी हलायला तीन मिनिटं असताना दोघं डब्यात चढले. नागोजी खिडकीतून नेहमीसारखा रडवेला झाला. प्रभंजनराव म्हणाले, "रडू नको. कागद आहे माझ्याकडे."

गाडीने हुबळी मागे टाकली तेव्हा ते पहिल्यांदा निवांत बसले. बूट पायांत होते. करंगळी आपल्या खोबणीत जाऊन बसली होती. त्यांनी खिशातून ते पाकीट काढलं. पुन्हा एकदा वाचावं, निदान चहाचं वाक्य खोडता येतं का बघावं, म्हणून. पेटीवाल्याने ते कडेने फाडलं होतं; चिकटवलेली बाजू तशीच शाबूत होती. तिच्यावर काहीतरी खडबडीत हाताला लागलं. प्रभंजनरावांनी चष्मा वर सारून बघितलं.

भाताचं शीत. वाळलेलं.

वर्गातले नकाशे पस्तीस वर्षं त्यांनी भातानेच चिकटवले होते. भाताने चिकटवलेला कागद त्यांना अंधारातही ओळखता आला असता. आणि एवढा मोठा दवाखाना काही पाकिटं भाताने चिकटवत नसणार.

त्यांनी समोर बघितलं. भागीरथीबाई खिडकीबाहेर बघत होत्या, फारच लक्ष देऊन. बाहेर बघण्यासारखं एक मालधक्का तेवढा होता.

"गार वाटतंय का हो डब्यात?" बाहेरच बघत त्यांनी विचारलं. "थांबा." त्यांनी आपल्या पिशवीतून एक वस्तू काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. तपकिरी मफलर.

प्रभंजनरावांनी मफलर उलटसुलट करून बघितला.

"मुकुलने फोन केला सोमवारी सकाळी. माझ्या फोनवर," भागीरथीबाई म्हणाल्या. "म्हणाला, सर फोन उचलेनात, मफलर राहिलाय त्यांचा. मी म्हटलं, मफलर तिथं कशाला काढला? तर म्हणे, ते सरांनाच विचारा. मग तुम्ही आंघोळीला गेल्यावर सगळं घर धुंडाळलं. शेवटी बुटात पाकीट सापडलं."

"आणि तू उघडलंस."

"तीस वर्षं पोस्टात काढली. परक्याचं पाकीट कधी फोडलं नाही." त्यांनी पदर सारखा केला. "पण नवरा परका थोडाच?"

"मफलर कधी आणलास?"

"मंगळवारी. बँकेत जाऊन येते म्हटलं होतं ना."

"मग सांगायचं नाहीस? चार दिवस जीव टांगणीला माझा!"

"आणि माझा? शुक्रवारपासून बघत होते, जेवताना हात थांबतो, सोमवारपासून तर कुंपणाशी जाऊन उभे राहता. वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. म्हटलं, ज्याने लपवलं त्यालाच ओझं वाहू दे. दहा किलो ज्वारीपेक्षा जड नसेल." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "आणि रिपोर्ट वाईट असता, तर मी प्रस्थान ठेवलं असतं का?"

प्रभंजनरावांनी मफलर गळ्याभोवती गुंडाळला. पेटीवाला चष्मा सावरत होता त्या क्षणी बाजूला ही इतकी शांत कशी उभी होती, ते त्यांना आता उमगलं. त्यांनी हिशोब जुळवून बघितला, आणि एकच गोष्ट जुळेना.

"पण मग रिपोर्ट तुला ठाऊकच होता, तर देवळापर्यंत एवढी धावाधाव कशाला केलीस?"

भागीरथीबाईंनी डबा उघडला आणि भाकरीचा मोठा तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"रिपोर्ट काय, मुकुल दुसरा काढून देईल हो. अकरा वर्षं तुमच्या वाकड्या करंगळीला सांभाळून घेणारा बूट मी दुसरा कुठून आणू?"